‘आज नको’ म्हणणारा माणूस

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने वसईची खाडी ओलांडून उत्तरेला निघाले की थोड्याच अंतरावर उजव्या हाताला कामण-भिवंडीचा रस्ता फुटतो. हा चिंचोटीचा नाका. मालट्रकांची रांग, टायर-पंक्चरची दुकाने, गोदामे आणि त्यांच्या मागे अचानक उभी राहणारी तुंगारेश्वरची हिरवी भिंत. त्या भिंतीच्या कुशीत, गावातून तास-दीड तासाच्या चालीवर, चिंचोटीचा धबधबा आहे. दरवर्षी जून लागला की इथे पाऊस आणि मनाई आदेश जोडीने येतात. पूर्वी हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. कलम बदलले, आशय बदलला नाही : पाण्यात उतरू नये, पोहू नये, धबधब्याखाली बसू नये, दारू पिऊ नये. आणि दर रविवारी माणसे येतातच. कागदावर बंद आणि पायवाटेवर गजबजलेली अशी ही जागा आहे. या दोन्हींच्या मधल्या पोकळीत माणसे मरतात, आणि ही पोकळी आणखी कडक आदेशाने भरणार नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे. तिथे हवा आहे तो त्या दिवसाचे आभाळ आणि त्या तासाचे पाणी पाहून ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस.

आधी जागा समजून घेऊ. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली जाहीर झाले. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे जंगल दक्षिणेकडचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि उत्तर-पूर्वेकडचे तानसा अभयारण्य यांना सांधणारा दुवा आहे. पश्चिमेला वसई-विरार महानगरपालिकेची वस्ती जवळजवळ डोंगराच्या पायाला टेकली आहे, तर दक्षिणेला मीरा-भाईंदर आणि मुंबईची उपनगरे आहेत. लोणावळा किंवा माळशेज गाठायला निम्मा दिवस आणि बऱ्यापैकी पैसा लागतो. चिंचोटीला नायगाव स्थानकावर उतरून रिक्षाने येता येते. लाखो तरुणांना परवडणारा, एका सकाळीत आटोपणारा हा डोंगर आहे. इथली गर्दी बेशिस्तीतून उगवलेली नाही, ती भूगोलातून आणि खिशातून आलेली आहे. ज्या शहरात मोकळी मैदाने आटली आणि सार्वजनिक तरणतलाव बोटांवर मोजण्याइतके उरले, तिथले लोक फुकटच्या पाण्याकडे जाणारच. आदेशाला ही ओढ दिसत नाही. तो गृहीत धरतो की फलक वाचून माणूस मागे फिरेल.

आता पाण्याचा स्वभाव. सह्याद्रीचा कातळ काळा, कठीण बसाल्टचा. पावसाळा मध्यावर आला की वरची मातीची पातळ साय पाण्याने तुडुंब होते आणि पुढचा प्रत्येक थेंब उतारावरून सरळ ओढ्यात येतो. पाणलोट लहान, उतार तीव्र. मोठ्या नदीला पूर यायला दिवस लागतो, अशा ओढ्याला काही मिनिटे पुरतात. माथ्यावर ढग रिता होत असताना खाली डोहापाशी उघडीप असू शकते, म्हणून खालच्या माणसाला धोक्याची खूण मिळतच नाही. डोहाचा धोका वेगळा आहे. कोसळणाऱ्या पाण्यात हवा मिसळून ते फेसाळते. अशा पाण्यात अंग नेहमीइतके तरंगत नाही, आणि धारेच्या पायथ्याशी फिरणारा भोवरा माणसाला पुन्हा पुन्हा खाली ओढतो. तळाशी रांजणखळगे, कपारी आणि शेवाळलेले दगड. विहिरीत किंवा तलावात उत्तम पोहणाराही इथे बुडतो तो म्हणूनच.

म्हणजे चिंचोटीत मृत्यूचे दोन मार्ग आहेत : डोहात उतरणे आणि परतीचा ओढा भरणे. हा फरक ७ जुलै २०१८ च्या शनिवारी स्वच्छ दिसला. त्या दिवशी मुसळधार पावसाने शंभराहून अधिक पर्यटक धबधब्याच्या परिसरात अडकले आणि एकाला जीव गमवावा लागला. बाकीच्यांना सोडवायला पोलीस, अग्निशमन दल आणि आपत्ती प्रतिसाद पथकाला जंगलात शिरावे लागले. जाताना घोटाभर असलेले पाणी परतताना छातीला लागले, की वाट संपते. पोहू नका, दारू पिऊ नका, ही वाक्ये अशा वेळी कोरडी पडतात, कारण डोहाला पायही न लावलेला माणूस तितकाच अडकतो. त्याला सकाळी एवढेच कळायला हवे होते, की आज दुपारी हा ओढा ओलांडता येणार नाही. हे वाक्य आठवडेच्या आठवडे लागू असलेल्या आदेशात लिहिता येत नाही. ते त्या त्या सकाळीच बोलावे लागते.

कुणी म्हणेल, साहसी पर्यटन शिस्तीने चालवणाऱ्या देशांत हा प्रश्न प्रशिक्षित वाटाडे आणि चांगली साधने यांनी सुटला आहे. आपणही तेच करावे. मराठी सहलींच्या स्वित्झर्लंड-फेरीत हमखास येणारे इंटरलाकेन याचे उदाहरण म्हणून पुढे केले जाते. दोन तळ्यांच्या मधले हे गाव, वर युंगफ्राऊचा बर्फ, आभाळात पॅराग्लायडर. पण याच गावाजवळच्या सॅक्सेटबाख ओढ्यात २७ जुलै १९९९ रोजी घळीतून उतरण्याच्या खेळासाठी गेलेल्या गटांवर वरच्या खोऱ्यातल्या वादळी पावसाचा लोंढा आला आणि २१ जण गेले. त्यांत १८ पर्यटक होते आणि ३ वाटाडे. अंगावर जाड रबरी पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, सोबत जाणकार. साधने होती, वाटाडे होते. वेळीच ‘आज नको’ म्हणणारे कुणी नव्हते. २००१ मध्ये न्यायालयाने चालक आणि वरिष्ठ मार्गदर्शक मिळून सहा जणांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. पुढे देशाने डोंगरी मार्गदर्शक आणि जोखमीचे उपक्रम यांसाठी स्वतंत्र कायदा केला. तो २०१४ मध्ये अमलात आला. न्यूझीलंडमध्ये एप्रिल २००८ मध्ये मांगाटेपोपोच्या घळीत अचानक वाढलेल्या पाण्याने सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले, आणि २०११ च्या नियमांनी तिथे साहसी उपक्रमांची सुरक्षा-तपासणी सक्तीची झाली. दोन्ही ठिकाणी मारणारे पाणी चिंचोटीच्याच जातीचे होते, आणि दोन्ही देशांनी घळी कायमच्या बंद केल्या नाहीत. आत सोडणाऱ्याच्या निर्णयाला त्यांनी कायद्याने जबाबदार केले.

महाराष्ट्रात साहसी पर्यटनाचे धोरण नाही असे नाही. २४ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक झाली. प्रशिक्षित माणसे, साधनांची देखभाल, प्रथमोपचार यांच्या अटी आल्या. कामशेतचे पॅराग्लायडिंग किंवा कोलाडचे राफ्टिंग या चौकटीत बसते. कोलाडचे उदाहरण तर बोलके आहे. तिथल्या कुंडलिकेचे पाणी आभाळाच्या लहरीवर अवलंबून नसते. भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतर पुढे ठराविक वेळी सोडलेल्या पाण्यावर तराफे चालतात. पाणी केव्हा येणार आणि साधारण किती येणार, हे आधी ठाऊक असते, म्हणूनच त्यावर व्यवसाय उभा राहिला. चिंचोटीचे पाणी कुणी सोडत नाही आणि कुणी मोजतही नाही. शिवाय २०२१ चे धोरण उपक्रम विकणाऱ्याला बांधते. चिंचोटीला येणाऱ्या चार मित्रांना कुणी काही विकलेलेच नसते. ते रिक्षाचे भाडे देतात, भजी खातात आणि जंगलात शिरतात. धोरण विक्रेत्यापाशी थांबते, मनाई आदेश फलकापाशी थांबतो. या दोहोंच्या मधून जाणारा रविवारचा पाहुणा कुणाच्याच हिशेबात नाही.

त्याला हिशेबात आणण्याची रीत परकी नाही. साताऱ्याजवळचे कास पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि फुलांपेक्षा पावले जास्त झाली. वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी मिळून हंगामात प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाला तीन हजारांची मर्यादा असा मार्ग काढला. तो निर्दोष नाही; कुंपणावरून वाद झाले, सुट्टीच्या दिवशी ताण पडतोच. पण पठारावर आज किती माणसे आहेत, हे तिथे कुणाला तरी सांगता येते. चिंचोटीत ते सांगता येत नाही, म्हणून अडकलेल्यांचा आकडाही अंदाजानेच धरावा लागतो आणि शोध कधी थांबवायचा हेही ठरत नाही. कायद्याची अडचण म्हणावी तर तीही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम २८ अभयारण्यात परवानगीने प्रवेश देण्याची जी कारणे मोजते, त्यांत पर्यटन स्पष्टपणे आहे आणि शुल्काचीही तरतूद आहे.

म्हणून गावाच्या वेशीवर, जंगलाच्या तोंडाशी एक नाके असावे. तिथे वनरक्षकाबरोबर पाड्यांवरची प्रशिक्षित माणसे असावीत. नावे, संख्या आणि परतण्याची वेळ नोंदली जावी. दुपारनंतर आत सोडू नये. डोहात उतरणे बाराही महिने बंद राहावे, आणि तिथे दोर बांधून कुणी तरी उभे असावे. माथ्याच्या पाणलोटात स्वयंचलित पर्जन्यमापक बसवावा, कारण हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा सबंध जिल्ह्यासाठी असतो आणि पालघर जिल्हा वसईच्या किनाऱ्यापासून मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला आहे. वाटेवरच्या पहिल्या ओढ्यात कातळावर तांबडी रेघ मारावी : पाणी रेघेला लागले की वाट बंद, आत असलेल्यांना शिटी. नाक्यावरच्या माणसाचा नकार अंतिम असावा. कुणाच्या फोनने तो बदलू नये.

यावर तीन आक्षेप येतील आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, मरणारे बरेचसे स्वतःच्या बेपर्वाईने मरतात. पिऊन उडी मारणाऱ्याची जबाबदारी सरकारने का घ्यावी? यात तथ्य आहे. पण सरसकट बंदी पिऊन आलेल्यात आणि दोन मुले घेऊन आलेल्या कुटुंबात फरक करत नाही. सगळेच सारखे गुन्हेगार, म्हणून सगळेच लपूनछपून आडवाटेने जातात. नाके तो फरक करू शकते, पहिल्याला अडवू शकते आणि दुसऱ्याला सावध करू शकते. शिवाय बेपर्वाईची किंमत बेपर्वा माणूस एकटा मोजत नाही. त्याला शोधायला भरल्या ओढ्यात जवान उतरतो, आणि पुष्कळदा त्याच्याही आधी गावातला पोहणारा.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा : नाके उभारले, शुल्क घेतले आणि तरी मृत्यू झाला, तर दोष प्रशासनाकडे येईल, बंदी घातली की हात झटकता येतात. हा आक्षेप उघडपणे क्वचित मांडला जातो, पण तोच सर्वांत प्रभावी असावा. सॅक्सेटबाखच्या निकालानेही निर्णय घेणाऱ्यालाच दोषी धरले, हे खरे. पण भीती नेमकी तीच असेल, तर वार्षिक आदेश माणसे वाचवण्यासाठी काढला जातो की कागद वाचवण्यासाठी, हे विचारावे लागेल. जी व्यवस्था चुकू शकते तिच्याकडूनच हिशेब मागता येतो, आणि हिशेब मागता आला की ती सुधारते.

तिसरा आक्षेप वन्यजीवांच्या बाजूचा आहे आणि माझ्या मते सर्वांत खरा. अभयारण्य बिबट्याचे आहे, माणसाच्या सहलीचे नाही. नाके झाले की टपऱ्या येतील, वाहनतळ येईल, मग झिपलाइन आणि रिसॉर्ट. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच संख्या ठरवण्याचा अधिकार पर्यटन खात्याकडे न देता वन विभागाकडेच ठेवावा, आणि नाक्याच्या आत विक्रीचे काहीही असू नये. जंगलाच्या अभ्यासातून आकडा पन्नासचा निघाला तर पन्नास. शून्य निघाला तर शून्य. पण शून्यालासुद्धा रखवालदार लागतो. आजची बंदी बिबट्यालाही शांतता देत नाही; प्लास्टिक, बाटल्या आणि गोंगाट तिला न जुमानता आत जातातच. जंगल वाचवायचे असो की माणूस, दोन्हींची सुरुवात वेशीवर उभ्या असलेल्या कुणापासून तरीच होते.

त्या ‘कुणी तरी’साठी बाहेरून तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. तुंगारेश्वरच्या पाड्यांवर वारली, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कुठला ओहोळ कोणत्या पावसाला फुगतो, गढूळ पाणी दिसले की मागे काय येते, हे त्यांना पाठ आहे. आज हे ज्ञान उपयोगी पडते ते बुडालेल्याला बाहेर काढताना. सह्याद्रीतल्या गिर्यारोहण संस्थांनी वर्षानुवर्षे स्वयंसेवेने केलेल्या बचावकार्यातून दोरकामाचे शिक्षण देऊ शकणारी माणसे राज्यात तयार आहेत. पाड्यावरचे ज्ञान आणि त्यांचे तंत्र एकत्र आणून, हंगामाचा पगार आणि ओळखपत्र देऊन ते दुर्घटनेच्या अलीकडे आणणे, एवढेच काम उरते. वसईत पावसाळा साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागतो. पुढचा पावसाळा लागण्याआधी कातळावर एक तांबडी रेघ मारायला वेळ आहे.