गिऱ्हाईक म्हणालं "कोंडा झाला", तर आधी दोन प्रश्न विचारा



थंडी सुरू झाली की लकडगंजमधल्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "भाऊ, डोक्यात खूप कोंडा झाला, काहीतरी द्या." जनरल किंवा कॉस्मेटिकचं दुकान टाकायचा विचार असेल, तर हे वाक्य नीट समजून घ्या. कारण बऱ्याचदा तो कोंडा नसतोच, डोक्याची त्वचा कोरडी पडलेली असते. चुकीची बाटली दिली तर पैसे आज मिळतील, पण गिऱ्हाईक परत येणार नाही.

फरक ओळखा

पहिला प्रश्न: पडतं ते कसं आहे? बारीक, पांढरं, सुकं असेल आणि डोकं ताणल्यासारखं वाटत असेल, तर कोरडेपणा. पापुद्रे मोठे, पिवळसर, तेलकट असतील तर कोंडा.

दुसरा प्रश्न: हातपायही फुटलेत का? हो म्हटलं, तर कोरडेपणाचीच शक्यता जास्त.

हा फरक महत्त्वाचा का? कोंड्यामागे बहुतेकदा मॅलेसेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलावर पोसते. तिथे तेल थापलं तर त्रास वाढू शकतो. त्याला कीटोकोनॅझोलसारखं औषध असलेला शाम्पू लागतो, त्यासाठी मेडिकलकडे पाठवा.

आपल्या नागपुरात डोकं कोरडं का पडतं?

मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत, हवा सुकी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली, मग सकाळी कडकडीत पाण्याची अंघोळ. वरून रोज कडक शाम्पू. त्वचेचं स्वतःचं तेल धुऊन जातं. आरामशीनवर काम करणाऱ्याच्या डोक्यात लाकडाचा भुसा बसतो, म्हणून तोही रोज शाम्पू लावतो.

गिऱ्हाइकाला काय सांगाल?

१. पाणी कोमट घ्या.
२. सौम्य शाम्पू, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.
३. धुण्याआधी तासभर थोडं खोबरेल लावा. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात ठेवा, गॅसवर नको.
४. भुशात किंवा उन्हात काम असेल तर डोक्याला सुती दुपट्टा बांधा.
५. नखांनी खाजवू नका.

रक्त येत असेल, गोल चकत्यांत केस जात असतील किंवा महिनाभरात फरक नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. तिथे विक्री सोडा.

धंद्याचा धडा

पॅराशूट तेल आधी मोठ्या डब्यांतून विकलं जायचं. १९७० च्या दशकात हर्ष मरीवाला विदर्भात फिरले, तेव्हा लहान पॅकला मागणी आहे हे त्यांनी हेरलं. म्हणजे आपल्याच भागाने त्यांना रस्ता दाखवला! तुम्हीही आधी लहान पॅक ठेवा. गिऱ्हाईक कमी पैशात वापरून पाहतं, पटलं की मोठी बाटली नेतं.

आणि घरी तेल बनवून विकायचं ठरवलं असेल, तर केसांचं तेल हे सौंदर्यप्रसाधन आहे. विक्रीसाठी बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. लेबलवर "कोंडा मुळापासून बरा" असलं काही छापू नका.

या आठवड्याचं काम: ओळखीच्या दुकानात तासभर उभे राहा. केसांसाठी कोण काय मागतं आणि दुकानदार काय विचारतो, वहीत लिहा. काय दिसलं ते व्हिडिओखाली नक्की सांगा.