घडीच्या चाकूची किंमत कशाची?

उंची कारागिरीच्या घडीच्या चाकूंविषयी एक समज सुशिक्षितांच्याही तोंडून वारंवार ऐकावा लागतो: ज्या चाकूसाठी तीस-चाळीस हजार रुपये मोजले, त्याची धार साध्या चाकूहून त्याच प्रमाणात तीक्ष्ण असलीच पाहिजे. या समजाचे खंडन करण्याच्या भानगडीत विक्रेते पडत नाहीत, कारण त्यात त्यांचे हित नाही.

वस्तुस्थिती अशी की, तीक्ष्णता ही किमतीची नव्हे, आकाराची बाब आहे. पात्याच्या दोन बाजू किती लहान कोनात आणि किती बारीक कडेशी येऊन मिळतात, यावर ती अवलंबून असते. आणि तशी कड कोणत्याही बऱ्या पोलादाला सहाणेवर देता येते. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोझेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास घडविलेला लाकडी मुठीचा चाकू आजही अल्प किमतीत मिळतो, आणि त्याचे पातळ पाते सफरचंदातून विनासायास उतरते. उलट कित्येक महागड्या चाकूंची पाती बळकटीच्या हव्यासाने इतकी जाड ठेवलेली असतात की, तेच सफरचंद अर्धे चिरून होताच टचकन फाकते.

यावर ‘पण धार टिकते ना?’ असा प्रश्न ठरलेलाच. टिकते, परंतु टिकणे आणि तीक्ष्ण असणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि आयएसओ ८४४२-५ या आंतरराष्ट्रीय मानकातही वाळूमिश्रित कागद कापवून या दोहोंचे मोजमाप स्वतंत्रपणे केले जाते. सीपीएम एस३०व्ही यासारख्या पोलादातील व्हॅनेडियमचे कठीण कण धार दीर्घकाळ राखतात खरे, पण तेच कण साध्या सहाणेला सहजी दाद देत नाहीत. हिऱ्याच्या भुकटीची सहाण घेतलेली बरी, आणि ती न घेणाऱ्या मालकाच्या खिशात कालांतराने एक महागडा बोथट चाकू उरतो.

मग पैसे कशाचे? मुख्यतः सांध्याचे. चाकू-कारागीर क्रिस रीव्ह यांच्या ‘सेबेन्झा’ या महागड्या घडीच्या चाकूत मुठीच्या टायटॅनियमच्या पट्टीलाच काप देऊन तिच्यातून पाते अडविणारी खीळ काढलेली असते. पाते मिटले की दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसते, उघडून हलविले तर डुगडुगत नाही. ओपिनेलची लाकडी मूठ मात्र दमट हवेत फुगते आणि पाते बाहेर काढताना नखाची परीक्षा पाहते. हा फरक खरा आहे. पण तो धारेचा नव्हे, हे किती वेळा सांगावे?

किरकोळ गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावतो.

‘लायोल’ नाव म्हणजे अस्सलपणा: हे नाव फ्रान्समधील एका गावाचे व तेथील चाकूच्या घाटाचे, नुसत्या नावावरून चाकू कोठे घडला हे सिद्ध होत नाही. त्याच्या पाठीवरील मधमाशी हाही दाखला नव्हे.

दमास्कसची नक्षी धार वाढविते: आजची बहुतेक नक्षी भिन्न पोलादांचे थर जोडून व आम्लात बुडवून उठविलेली असते, ती डोळ्यांसाठी.

स्टेनलेस कधीच गंजत नाही: क्रोमियममुळे गंज लांबतो, खाऱ्या पाण्यात तेही डागाळते.

खीळ असली की बोटे सुरक्षित: पात्याच्या पाठीवर पुरेसा भार आला तर कोणतीही खीळ हार खाऊ शकते.

सबब, फळे चिरावयाची असल्यास साधा चाकू व बरी सहाण घ्यावी. रोजच्या राबत्यास नेमका सांधा हवा असेल तर अधिक पैसे खुशाल मोजावे. आणि त्यापुढे मौल्यवान मुठीवरच जीव जडला असेल तर तीही हौस जरूर भागवावी, मात्र जमाखर्चात ती रक्कम अवजाराच्या नव्हे, अलंकाराच्या खाती मांडावी.