गिअरबॉक्स खोलण्याआधी

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करीत रस्ता सातपुड्यात शिरतो आणि तोरणमाळचा घाट सुरू होतो. वरचे गाव सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. सपाटीवर बरी चालणारी जुनी ऑटोमॅटिक गाडी या चढावर हमखास आपले दुखणे दाखवते. मग मालक घाबरतो आणि पुष्कळ मेकॅनिक बंधू "गिअरबॉक्स गेला" असे सांगून मोकळे होतात. जुन्या गाडीत गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करण्याचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. गिऱ्हाईकाने आपल्या हवाली केलेली गाडी ही अमानत आहे. तिचे निदान अंदाजाने करू नये.

अशी एक गाडी पाहण्यात आली. घाटाच्या वळणावर इंजिन ओरडे, पण गाडी ओढत नसे. वळण संपले की पुन्हा ठीक. एका वर्कशॉपने गिअरबॉक्स बदलायला सांगितले होते. प्रत्यक्षात कूलरच्या नळीची क्लिप ढिली होती आणि ऑइल थेंबाथेंबाने गळून कमी झाले होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल केवळ वंगण नाही, सारे काम त्याच्याच दाबावर चालते. ते कमी असले म्हणजे वळणावर वा चढावर एका बाजूला जाते, पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच प्लेटा घसरतात. क्लिप आवळून ऑइल भरल्यावर तीच गाडी घाट चढून गेली.

म्हणून पहिला हात ऑइलच्या पट्टीला लावावा. गाडी सपाट जागी, ऑइल गरम झालेले असावे. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात, काहींत बंद करून. गाडीचे पुस्तक पाहावे. पट्टी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. स्वच्छ लालसर ऑइल चांगले. काळपट आणि जळका वास येणारे असेल तर प्लेटा जळल्या आहेत. दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधील कूलर फुटून पाणी मिसळले आहे. अशी गाडी पुढे चालवूच नये. ऑइल जास्त भरणेही वाईट, फेस होऊन तीच लक्षणे दिसतात.

ऑइल ठीक निघाले तर गाडी चालवून पाहावी, थंड असताना आणि गरम झाल्यावर. सर्व गिअर घसरतात, की एकच? सर्वच घसरत असतील तर पंप, फिल्टर, दाब यांवर संशय घ्यावा. एकाच गिअरला त्रास असेल तर त्या गिअरचा क्लच किंवा सोलेनॉइड पाहावा. गिअर उशिरा पडत असेल तर काही जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली केबल नुसती सैल झालेली असते. पान्याचे चार फेरे पुरतात. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहत असेल तर बॅटरी, अर्थिंग आणि वायरिंग आधी तपासावे. झटका बसतो म्हणून दोष गिअरबॉक्सचाच, असेही नाही. तुटलेले इंजिन माउंटिंग किंवा मिस होणारा प्लग अगदी तसाच धक्का देतो.

घाटातील एक गोष्ट मात्र दोष नव्हे. उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद सुमारे दहावा हिस्सा कमी पडते आणि डी मध्ये गाडी वर-खाली गिअर बदलत राहते. तेव्हा दांडी २ वर किंवा एल वर आणावी. उतरतानाही तसेच करावे, ब्रेक तापत नाहीत.

ए.एम.टी. गाड्यांची जात वेगळी. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत ही पद्धत आणली. त्या गाड्याही आता जुन्या झाल्या. यात साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त ते यंत्र दाबते. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली की क्लच जळतो. यात ऑटोमॅटिकचे लाल ऑइल ओतू नये.

शेवटी ऑइल बदलण्याविषयी. खालचा बोल्ट काढून निम्म्याहून कमीच ऑइल निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. वर्षानुवर्षे न बदललेले जळके ऑइल एकदम काढले की झिजलेल्या प्लेटा जास्त घसरू लागण्याचीही शक्यता असते. हे गिऱ्हाईकाला काम घेण्याआधी सांगावे आणि बिलावर लिहून द्यावे.