उमराव, अर्थसंकल्प आणि राजाचा शब्द

१९०६च्या निवडणुकीत ब्रिटनमधल्या उदारमतवादी पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले, तरी राज्य पुरते हाती आले नाही. कायदा व्हायचा तर कॉमन्स सभेनंतर उमरावांच्या सभेची, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सची, संमती लागे. तिथले बहुतेक सदस्य वारसाहक्काने बसत आणि त्यांच्यात हुजूर पक्षाचा वरचष्मा कायमचा होता. निवडणूक कोणीही जिंको, नको असलेले विधेयक वरच्या सभेत अडवता येई. नव्या सरकारचे शिक्षण विधेयक त्याच वर्षी असे बारगळले. याच निवडणुकीत कामगारांचे २९ प्रतिनिधी कॉमन्समध्ये आले आणि त्यांनी मजूर पक्ष हे नाव घेतले.

संघर्ष पेटला तो पैशावरून. १९०८मध्ये सरकारने वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला. सत्तरी ओलांडलेल्या गरीब माणसाला आठवड्याला पाच शिलिंग मिळणार होते, आणि १ जानेवारी १९०९पासून ते टपाल कचेरीत वाटले जाऊ लागले. रक्कम तुटपुंजीच होती; पण म्हातारपणी अनाथगृहवजा वर्कहाउसची पायरी चढावी लागेल या धास्तीत ज्यांचा जन्म गेला, त्यांना तिचे मोल वेगळे वाटले. या योजनेला पैसा हवा होता आणि जर्मनीशी चाललेल्या स्पर्धेमुळे ‘ड्रेडनॉट’ जातीच्या नव्या युद्धनौकांनाही हवा होता. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज वेल्समध्ये चांभारकाम करणाऱ्या मामाच्या घरी वाढलेला. २९ एप्रिल १९०९ रोजी त्याने मांडलेल्या अर्थसंकल्पात पाच हजार पौंडांवरच्या मिळकतींवर जादा कर होता आणि मालकाने काही न करता जमिनीची किंमत वाढली, तर त्या वाढीतला पाचवा हिस्सा सरकार घेणार होते. जमीनदारांना दुसरा कर अधिक झोंबला, कारण त्यासाठी देशभरच्या जमिनींचे मूल्यमापन होणार होते. लॉइड जॉर्जनेही आगीत तेल ओतले. एक ड्यूक पोसायला दोन ड्रेडनॉटइतका खर्च येतो, असे त्याने न्यूकॅसलच्या सभेत सांगितले.

अर्थसंकल्पाला हात लावायचा नाही, हा संकेत उमराव पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले होते. ३० नोव्हेंबर १९०९ रोजी त्यांनी तो मोडला आणि ३५० विरुद्ध ७५ मतांनी अर्थसंकल्प फेटाळला. त्यांची ही मोठीच चूक झाली. आता प्रश्न एका कराचा राहिला नाही, देशाचा कारभार कोणाच्या संमतीने चालणार, हा झाला. जानेवारी १९१०च्या निवडणुकीत उदारमतवाद्यांचे बहुमत गेले. आयरिश आणि मजूर सदस्यांच्या पाठिंब्यावर सरकार तरले. उमरावांनी एप्रिलमध्ये अर्थसंकल्प मान्य केला खरा, पण पंतप्रधान ॲस्क्विथला आता त्यांचा नकाराधिकारच काढून घ्यायचा होता.

इथे राजाशी गाठ पडली. उमराव स्वतःचे पंख स्वतः कापणार नव्हते. मात्र राजाने शेकडो नवे उमराव नेमले, तर वरच्या सभेत सरकारचे बहुमत होणार होते. दुसरी निवडणूक झाल्याखेरीज असे करण्यास सातवा एडवर्ड तयार नव्हता. ६ मे १९१० रोजी तो वारला आणि अननुभवी पंचम जॉर्जवर हा पेच येऊन पडला. त्याच्या दोन खासगी चिटणिसांचे सल्ले परस्परविरोधी होते. अखेर १६ नोव्हेंबरला, निवडणूक जिंकल्यास नवे उमराव नेमीन, असा शब्द त्याने ॲस्क्विथला गुप्तपणे दिला. मनाविरुद्ध दिलेला हा शब्द त्याला पुढे कित्येक वर्षे सलत राहिला. पण नकार दिला असता तर पुढची निवडणूक राजाविरुद्ध लढली गेली असती, आणि सिंहासनाला त्याहून मोठा धोका नव्हता.

डिसेंबरच्या निवडणुकीनंतर उमरावांचा नकाराधिकार काढणारे संसदीय विधेयक आले आणि जुलै १९११मध्ये राजाच्या वचनाची बातमी फुटली. कॉमन्समध्ये विरोधकांनी आरडाओरडा करून ॲस्क्विथला बोलूच दिले नाही. उमरावांतही फूट पडली. काहींना अखेरपर्यंत झुंजायचे होते. उलट लॉर्ड कर्झन, बंगालच्या फाळणीमुळे आपल्याकडे ठाऊक असलेला माजी व्हाइसरॉय, मतदानापासून दूर राहा असे सहकाऱ्यांना विनवत होता. १० ऑगस्टला, लंडन उकाड्याने होरपळत असताना, विधेयक १३१ विरुद्ध ११४ मतांनी पार पडले. बाजूने मत देणाऱ्यांत १३ बिशप आणि ३७ हुजूरपक्षीय होते. आता उमरावांना अर्थविधेयक एक महिना आणि इतर विधेयके दोन वर्षे रोखता येणार होती, त्यापुढे नाही. त्याच महिन्यात कॉमन्सच्या सदस्यांना वर्षाला ४०० पौंड वेतन ठरले. मजुराला खासदार होणे त्यामुळे परवडू लागले.

डिसेंबरात हाच राजा मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला. गेटवे ऑफ इंडिया त्या आगमनाचे स्मारक आहे. दिल्ली दरबारात कर्झनची फाळणी रद्द झाल्याचे जाहीर झाले.

मताचा हक्क मात्र स्त्रियांना अजून नव्हता. राजाने ॲस्क्विथला शब्द दिला, त्यानंतर दोनच दिवसांनी संसदेवर गेलेल्या स्त्रियांच्या मोर्चाला पोलिसांनी बेदम मारहाण केली. त्या मोर्चात महाराजा रणजितसिंहाची नात सोफिया दुलीपसिंह होती. ती राहत असे हॅम्प्टन कोर्टला, राजघराण्याने दिलेल्या घरात. मत नाही तर कर नाही, म्हणून तिने कर भरायचे नाकारले, तेव्हा तिची हिऱ्याची अंगठी जप्त होऊन लिलावात निघाली. १९१३च्या डर्बी शर्यतीत मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन राजाच्याच घोड्याखाली सापडली आणि चार दिवसांनी मरण पावली.

महायुद्धाने उरलेसुरले बांध फोडले. जर्मनीचा कैसर आणि रशियाचा झार, दोघेही जॉर्जचे मावस-आतेभाऊ. १९१७मध्ये झार पदच्युत झाला, तेव्हा त्याला आश्रय देण्याचा प्रस्ताव जॉर्जच्याच आग्रहावरून मागे पडला. हा या राजाच्या कारकिर्दीवरचा डाग होय. त्याच वर्षी जुलैत घराण्याचे सॅक्स-कोबर्ग-गोथा हे जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतले गेले. बॅटनबर्ग नातलग माउंटबॅटन झाले. त्यांच्यातलाच एक पुढे भारताचा शेवटचा व्हाइसरॉय. १९१८च्या कायद्याने २१ वर्षांवरील सर्व पुरुषांना आणि मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या तीस वर्षांवरील स्त्रियांना मत मिळाले. मतदार सुमारे ७७ लाखांवरून दोन कोटींच्या वर गेले.

१९२३मध्ये पंतप्रधानपद कर्झनला हुकले. तो उमरावसभेत बसत होता, हे त्यामागचे एक मोठे कारण. जानेवारी १९२४मध्ये शेतमजुरणीचा मुलगा रॅम्से मॅक्डॉनल्ड पहिल्या मजूर सरकारचा पंतप्रधान झाला आणि जॉर्जने त्या मंत्र्यांशी सौजन्याने वागून दरबारातल्या अनेकांची भीती फोल ठरवली. १९२८मध्ये २१ वर्षांवरील स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत मजूर पक्ष प्रथमच सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि एकेकाळी दुकानात नोकरी करणारी मार्गारेट बाँडफील्ड मंत्रिमंडळातली पहिली स्त्री मंत्री झाली.