पाऊस मोजला, वाडी राहिली

गेल्या पंधरा वर्षांत दुष्काळातही जोमानं आलेलं एकच पीक, हवामान-जोखमीच्या निर्देशांकांचं. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं 2013 मध्ये देशातल्या 572 ग्रामीण जिल्ह्यांचा ॲटलास काढला, तो निदान शेतीपुरता तरी प्रामाणिक होता. पुढच्यांनी रंग बदलले, एकक तेच ठेवलं: जिल्हा.

आता सातारा घ्या. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात अख्ख्या वर्षात एवढा जेमतेम पडतो. या दोघांना मिळून एक रंग कोणता द्यायचा? आमचे निर्देशांकवाले मित्र सरासरीचा देतात आणि परिसंवादाला निघून जातात.

पैसेवारीवर, म्हणजे पिकाच्या उताऱ्याच्या सरकारी अंदाजावर, फार लिहीत नाही, त्यावर सगळ्यांचं लिहून झालंय. 2016 च्या दुष्काळ संहितेनं तिची जागा पाऊस, ओलावा आणि उपग्रहाच्या चित्रांना दिली. 2023 साली त्या निकषांवर आधी 40 तालुके बसले, मग ओरड झाली तेव्हा हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करावी लागली. मंडळ म्हणजे तरी काय? राज्यात गावं 44 हजारांच्या आसपास, मंडळं दोन हजारांच्या थोडी वर. मंडळाच्या पर्जन्यमापक केंद्रावर 24 तासांत 65 मिलिमीटर भरले की अतिवृष्टी. डोंगरापलीकडच्या शिवारात बांध वाहून गेला तरी कागदावर तिथे रिमझिम.

माझा हट्ट जुना आहे आणि संपादकांना तो पाठ आहे: मोजणी गावानं करावी, वाडीनिहाय करावी. पोपटराव पवारांचं हिवरे बाजार हे गाव स्वतः पाऊस मोजतं, विहिरींची पातळी पाहतं आणि त्या ताळेबंदावर रब्बीत काय पेरायचं ते ठरवतं. त्याच वहीत आणखी चार रकाने का नसावेत? उताराखाली कोणाचं घर, मातीच्या भिंती कोणाच्या, नदीकाठचं रान कोणाचं, आणि कोण कधी गावात नसतं. हा शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. बीडची ऊसतोड टोळी दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीच्या फडावर पाचटाच्या खोपीत असते. अवकाळी आणि गारपीट तिला तिथं गाठते, कागदावर मात्र ती बीडच्या घरात सुखरूप बसलेली. 'हे शास्त्रीय नाही' असं मला अनेकदा ऐकवलं गेलंय. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या शास्त्रीय यादीत नव्हती, हे सरकारनंच सांगितलं.

पूर्वीच्या कोतवालाला कुठला ओढा कोणाच्या दारात येतो ते तोंडपाठ असे. आता तलाठ्याकडे तीन-चार गावं आणि हातात पंचनाम्याचं ॲप. नुकसान झाल्यावर फोटो झकास येतो.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या मंडळाचा पर्जन्यमापक कुठे आहे, आणि आपल्या सर्वांत लांबच्या वाडीपासून किती किलोमीटरवर? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.