पोरं म्हणतात 'आई-बाबा, आता इकडंच या!' पण अमेरिकेला कायमचं जाण्याआधी व्हिसा, टॅक्स आणि सातबारा यांचा हिशेब मांडा

मुलगा किंवा मुलगी शिकून अमेरिकेला गेली, तिथंच स्थिरावली, नातवंडं झाली. इकडं वडील शाळेतून, एसटीतून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झाले. मग रोज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर एकच विषय निघतो, "दोघंच तिथं काय करताय? इकडंच या की!"

बोलणं प्रेमाचं असतं. पण 'जाऊन येणं' वेगळं आणि 'कायमचं जाणं' वेगळं. कायमचं गेलं की व्हिसा बदलतो, टॅक्स बदलतो, बँकेतलं खातं बदलतं आणि शेताचे नियमही बदलतात. तिकीट काढायच्या आधी हे समजून घेतलेलं बरं.

दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहणं नव्हे

अमेरिकेत 'निवृत्त माणसाचा व्हिसा' असा प्रकारच नाही. आपल्याकडचे बहुतेक आई-वडील जातात ते व्हिजिटर व्हिसावर. पासपोर्टवर दहा वर्षांचा शिक्का बघून गैरसमज होतो. त्याचा अर्थ इतकाच की दहा वर्षांत पुन्हा पुन्हा जाता येईल. प्रत्येक वेळी किती दिवस राहायचं, हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने मिळतात. ती तारीख 'आय-९४' नावाच्या ऑनलाइन नोंदीत असते. उतरल्यावर पोराला ती काढून ठेवायला सांगा. ती तारीख ओलांडली तर पुढच्या वेळी व्हिसा अडतो.

कायम राहायचं तर ग्रीन कार्ड लागतं. आई-वडिलांसाठी त्याचा अर्ज फक्त अमेरिकेचा नागरिक झालेला, २१ वर्षं पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी करू शकते. मुलाकडे स्वतःचं नुसतं ग्रीन कार्ड असेल किंवा तो एच-१बी वर असेल, तर त्याला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. मुलाला आपल्या कमाईचा पुरावा देऊन पालकांचा भार उचलण्याची लेखी हमीही द्यावी लागते.

आणि ग्रीन कार्ड घेऊन गावाकडं येऊन बसता येत नाही. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर परत जाताना प्रश्न विचारले जातात. वर्षाहून जास्त राहिलं तर कार्डच धोक्यात येतं. आधीच 'री-एंट्री परमिट' काढलं तर दोन वर्षांपर्यंत सवलत मिळते. म्हणजे "उन्हाळा तिकडं, बाकी वर्ष गावात" हा बेत ग्रीन कार्डावर बसत नाही. तो व्हिजिटर व्हिसावरच बसतो.

दिवस मोजा, नाहीतर टॅक्सवाले मोजतील

"आमचा तिथं एक रुपयाही पगार नाही, मग टॅक्स कसला?" असं बरेच जण म्हणतात. इथंच गफलत होते.

ग्रीन कार्ड मिळालं की माणूस अमेरिकेच्या टॅक्ससाठी 'रहिवासी' ठरतो. मग जगात कुठंही मिळालेलं उत्पन्न तिथं दाखवावं लागतं. त्यात गावची पेन्शन, एफडीचं व्याज, गाळ्याचं भाडं आणि ऊसबिलही आलं. भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण अमेरिकेच्या कायद्यात तशी सूट नाही.

व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्यांनाही दिवसांचं गणित लागू होतं. चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा अशी बेरीज करतात. ती १८३ किंवा जास्त झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस तिथं असलात, तर तुम्ही रहिवासी ठरता. वर्ष म्हणजे तिथं जानेवारी ते डिसेंबर.

दरवर्षी १८० दिवस राहिलात तर १८० अधिक ६० अधिक ३०, म्हणजे २७०. रेषा ओलांडली. दरवर्षी १२० दिवस राहिलात तर १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०. रेषेच्या आत. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस असतील तर 'माझं घरदार भारतात आहे' असं सांगणारा ८८४० नंबरचा फॉर्म भरून यातून सुटता येतं. पण ग्रीन कार्डसाठी पाऊल टाकलं असेल तर ही वाट बंद होते.

आता घाबरू नका. रहिवासी ठरलं म्हणजे लगेच टॅक्स बसतोच असं नाही. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला २०२५ साठी ३१,५०० डॉलरची सरसकट वजावट आहे आणि ६५ वर्षांपुढं थोडी जास्त. साधी पेन्शन असलेल्या घराला बहुधा टॅक्स भरावा लागणार नाही. पण माहिती द्यावीच लागते. सगळी परदेशी खाती मिळून वर्षात एका दिवसासाठी जरी १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली, तर 'एफबार' नावाचा अहवाल भरणं सक्तीचं आहे. बचत खातं, एफडी, पतसंस्थेतली ठेव सगळं धरून ही रक्कम आपल्याकडच्या बऱ्याच निवृत्तांची होते. न भरल्यास हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाचं नाव गावच्या खात्यावर जॉइंट असेल तर त्यालाही हाच नियम आहे.

जमीन विकायची तर आधी की नंतर?

हा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा आहे. शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची ग्रामीण शेतजमीन विकली तर भारतात भांडवली नफ्यावर टॅक्स लागत नाही. पण ग्रीन कार्ड घेतल्यानंतर तीच जमीन विकली तर नफा अमेरिकेत दाखवावा लागतो आणि त्यावर टॅक्स बसू शकतो. चाळीस वर्षांपूर्वी हजारांत घेतलेली जमीन आज कोटीत गेली असेल, तर हा आकडा लहान नसतो. विकायचंच ठरलं असेल तर 'कार्डाआधी की कार्डानंतर' हे सीएशी बोलून ठरवा.

आणि विकली नाही तर? परदेशात गेलेल्या माणसाला आपली जुनी शेतजमीन ठेवता येते, वारसाहक्कानं मिळवता येते, भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकता येते. पण नवी शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. अमेरिकेचा नागरिक झालेल्या मुलाच्या नावावर बक्षीसपत्रानं शेतजमीन करता येत नाही, मात्र वारसानं त्याला ती मिळू शकते. म्हणून मृत्युपत्र करून ठेवणं इथं फार महत्त्वाचं.

इकडच्या खात्यांचं काय होतं?

भारतात टॅक्ससाठी एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ किंवा जास्त दिवस इथं असाल तर तुम्ही रहिवासी. त्याहून कमी असाल तरी दुसरी कसोटी आहे, वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. कायम परदेशात राहणारा भारतीय नागरिक भेटीला आला तर ६० च्या जागी १८२ धरतात. त्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असेल तर १२०.

एनआरआय झालात की काही सवलती जातात. नव्या कर पद्धतीत '१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही' हे आपण ऐकतो, ती सूट फक्त भारतातल्या रहिवाशांना आहे. करपात्र उत्पन्न ६ लाख असेल तर रहिवाशाला शून्य, एनआरआयला मात्र चार लाखांपुढच्या दोन लाखांवर ५ टक्के आणि सेस मिळून १०,४०० रुपये. टीडीएस कापू नये म्हणून बँकेत देतो तो फॉर्मही एनआरआयला देता येत नाही. एफडीच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस कापला जातो. जास्त कापलेला परत मिळवायला रिटर्न भरावं लागतं.

कायमचं जाताना साधं बचत खातं 'एनआरओ' करून घ्यावं लागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. पीएम किसानचा हप्ताही एनआरआयला लागू नाही. नुसतं सहा महिने फिरायला जाणाऱ्याला मात्र खातं बदलायची गरज नसते.

दवाखाना: खरी परीक्षा इथं आहे

आपली इथली आरोग्य पॉलिसी बहुतेक वेळा भारतातल्या उपचारांपुरतीच असते. आयुष्मान कार्डही तिकडं चालत नाही. पाहुण्यांसाठीच्या विम्यात आधीपासूनची शुगर, बीपी, हार्टचा त्रास सहसा धरत नाहीत. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी 'मेडिकेअर' आहे, पण नव्यानं गेलेल्याला ६५ वर्षं वय आणि सलग पाच वर्षांचा वास्तव्य काळ लागतो. तिथं कधी नोकरी केलेली नसेल तर हप्ताही स्वतः भरायचा. २०२५ मध्ये दवाखान्यात भरती आणि डॉक्टर या दोन्ही भागांचा मिळून तो माणशी महिन्याला सुमारे ७०० डॉलर होता. पहिल्या पाच वर्षांचा खर्च कोण, कसा भरणार, हे मुलाशी मोकळेपणानं बोला. यात लाजायचं काही नाही.

दुसऱ्या देशात मुलं असतील तर

- कॅनडा: 'सुपर व्हिसा'वर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. किमान १ लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो.
- ऑस्ट्रेलिया: कायमच्या पालक व्हिसाला किमान निम्मी मुलं तिथं स्थायिक असावी लागतात, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा जास्त मुलं तिथं असावी लागतात. एक मुलगा तिकडं आणि दोन मुली इकडं असतील तर अडचण. तीन किंवा पाच वर्षांच्या तात्पुरत्या पालक व्हिसाला ही अट नाही.
- ब्रिटन: आजार किंवा वयामुळं रोजची कामं स्वतः जमत नाहीत आणि तशी देखभाल भारतात मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. फार थोड्यांना जमतं.
- दुबई आणि अमिराती: तिथं पगार-पेन्शनवर आयकर नाही. पण निवृत्तीचा व्हिसा पाच वर्षांचाच असतो आणि त्याला मोठी बचत, मालमत्ता किंवा मासिक उत्पन्न दाखवावं लागतं.

निघण्याआधी करायची कामं

- विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा. दुय्यम निबंधक कार्यालयात इथंच नोंदवलेलं सोपं जातं. कोणत्या कामाचा अधिकार देताय ते स्पष्ट लिहा, सरसकट देऊ नका.
- ई-पीक पाहणी कोण करणार, सोसायटीचं कर्ज कोण फेडणार, पाण्याची पाळी कोण धरणार, हे ठरवा.
- सातबारा, आठ-अ, वारस नोंदी तपासून चुका दुरुस्त करून घ्या.
- हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा, हे पेन्शन जिथून येते तिथं विचारून घ्या.
- सगळ्या खात्यांना, ठेवींना वारसदार लावा. मृत्युपत्र करा.
- पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के आणि तिकिटं जपून ठेवा. दिवस मोजायला तीच कामी येतात.
- परदेशी उत्पन्नाचं काम करणाऱ्या सीएला एकदा भेटा. नियम आणि फी दरवर्षी बदलतात.

शेवटचं एक. घर आणि जमीन मोडून एकदम जाऊ नका. आधी व्हिजिटर व्हिसावर एक अख्खा हिवाळा तिकडं काढा. दिवसभर मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, बाहेर बर्फ आणि गाडी चालवता येत नाही, असे दिवस दोघांना मानवतात का ते बघा. मानवले तर खुशाल जा. नाही मानवले तर परत यायला दार उघडं असलं पाहिजे, म्हणून किल्ली कुणाकडं तरी ठेवूनच निघा.