संगणक सोवळ्यात जातो तेव्हा

इंग्रजीतले काही शब्द मोठे फसवे असतात. 'सेफ मोड' हा त्यांतलाच एक. मराठीचा अध्यापक ह्या नात्याने त्याला प्रतिशब्द शोधू लागलो, तेव्हा 'सुरक्षित अवस्था' हा कोशात शोभेलसा शब्द लगेच सुचला. पण तो दिसायला जितका शुद्ध, तितकाच अर्थाला चुकीचा. ऐकणाऱ्याला वाटावे की, संगणकाला आता कवच चढले. वस्तुस्थिती तशी नाही. बऱ्याच विचारान्ती मला पटलेला शब्द आहे 'सोवळे'! हसू नका. आमची आजी सोवळ्यात असे तेव्हा स्वयंपाकघरात ती, चूल आणि चार पितळी भांडी एवढाच संसार असे. बाकी सगळ्यांना उंबरठ्याबाहेर बंदी. सेफ मोडमधला संगणकही असाच, अगदी गरजेपुरत्या गोष्टी जवळ घेऊन बसतो.

एरवी आपण बटण दाबतो तेव्हा विंडोजबरोबर किती मंडळी जागी होतात ह्याची आपल्याला गंधवार्ताही नसते. त्या गर्दीत व्हायरसही उठतो. संगणक सुरू होताच कोणाकोणाला हाक मारायची ह्याची एक यादी विंडोज बाळगते, तीत त्याने आपलेही नाव हळूच लिहून ठेवलेले असते. एकदा तो चालू झाला की त्याची फाइल पुसता येत नाही. 'ही फाइल वापरात आहे' असे उत्तर मिळते. आणि पुसलीच, तर क्षणात पुन्हा उभी राहते. सेफ मोडमध्ये ही हाकेची यादी सहसा वाचलीच जात नाही. कळफलक, माउस, पडदा, डिस्क एवढ्यांपुरती व्यवस्था जागी होते, पडद्याच्या कोपऱ्यांत 'सेफ मोड' अशी अक्षरे उमटतात, आणि चोर निजलेला राहतो. निजलेल्या चोराची मुटकुळी बांधणे सोपे, म्हणून अँटिव्हायरस तेथे चालवायचा.

हे सारे शास्त्र मी शिकलो ते माझ्या एका विद्यार्थिनीमुळे. माण तालुक्यातल्या चौदा वृद्ध बायकांकडून तिने जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. प्रबंधाची दोन प्रकरणे छापून घ्यावीत म्हणून तिने पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या एका दुकानात दिला. घरी येऊन लावला, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट! तिने त्यावर टिचकी मारली आणि तो रोग लॅपटॉपमध्येही शिरला. अँटिव्हायरस उघडेना. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटे पाहून नेहमीचा उपाय सांगितला, "सर, फॉरमॅट मारून टाकू." ती पोरगी माझ्याकडे पाहत म्हणाली, "सर, चौदांतल्या चारजणी वारल्या. त्या म्हाताऱ्या आता कुठून आणू?"

लॅपटॉप आमच्या घरी आला. आमची कन्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "बाबा, फॉरमॅट कशाला? ओव्या गेलेल्या नाहीत, लपवलेल्या आहेत," म्हणत तिने पदर खोचला, म्हणजे, पदर नसल्यामुळे बाह्या वर केल्या. दुसऱ्या, निरोगी संगणकावर तिने मायक्रोसॉफ्टचा 'सेफ्टी स्कॅनर' उतरवून घेतला. हा वेगळा बसवावा लागत नाही, मात्र उतरवल्यापासून दहाच दिवस चालतो, म्हणजे दर वेळी ताजा घ्यायचा. मग शिफ्ट कळ दाबून धरून 'रीस्टार्ट'वर टिचकी. पुढे 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' अशा दिंड्या ओलांडल्या की क्रमांक विचारतात. ४ म्हणजे नुसते सोवळे, ५ म्हणजे इंटरनेटसह. तिने ४ दाबले. रोगी घरात बाहेरची वारी कशाला? (पूर्वी एफ८ कळ दाबली की काम भागे, २०१२ च्या विंडोज ८ पासून ती कळ आपणहून दाद देत नाही.) काही संगणकांत डिस्क कुलूपबंद असते, आणि अशा वेळी तो बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागू शकतो. ती आधीच कोठेतरी लिहून ठेवलेली बरी.

तपासणीला अडीच तास लागले. एरवी पुसताक्षणी परत येणारे शॉर्टकट ह्या वेळी पुसले ते पुसलेच गेले. नंतर तिने एक आज्ञा टंकून लपवलेले फोल्डर उघडे केले, आणि पहिली ओवी वाजली तेव्हा आमच्या सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

येथवर ऐकून कोणी सेफ मोडला रामबाण समजेल, म्हणून उलट बाजूही सांगतो. आजीच्या सोवळ्याला शिवाशिव कळे, रोगजंतू कळत नसत. पाणी गाळलेले आहे की नाही ह्याच्याशी सोवळ्याला कर्तव्य नव्हते. येथेही तसेच. सोवळ्यात चोर निजतो खरा, पण बहुधा पहारेकरीही निजतो! पुष्कळ अँटिव्हायरसांचा सतत राखण करणारा भाग सेफ मोडमध्ये चालू होत नाही. काहींची तपासणी तेवढी आपण होऊन सुरू करता येते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या राखणदार कंपनीच्याच सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिण्याची पाळी आली. तेव्हा हजारो यंत्रांवर उपाय हाच करावा लागला: सेफ मोडमध्ये जा आणि ती फाइल पुसा. पहारेकरी तेथे निजतो, म्हणूनच ते शक्य झाले.

आणि जे आपल्याला कळले ते चोरांना कळल्यावाचून थोडेच राहते? २०१९ मध्ये उघडकीस आलेला 'स्नॅच' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम संगणक स्वतःच सेफ मोडमध्ये सुरू करी, आणि निजलेल्या पहारेकऱ्याच्या उशाशी बसून सगळ्या फायलींना कुलपे ठोकी. 'सॅलिटी' नावाचा जुना व्हायरस तर सोवळ्यात कोणाला घ्यायचे ती यादीच फाडून टाकतो. मग सेफ मोड सुरूच होत नाही.

ह्याला तोड म्हणजे घराबाहेर उभे राहून घर तपासणे. विंडोज १० व ११ मध्ये 'विंडोज सिक्युरिटी'त तपासणीच्या पर्यायांत 'ऑफलाइन स्कॅन' असतो. त्यात नेहमीचे विंडोज उठतच नाही, सुमारे पाव तास तपासणी चालते आणि संगणक पुन्हा सुरू होतो. कल्पना जुनीच आहे. फ्लॉपीच्या जमान्यातही जाणते लोक, जिच्यावर काही लिहिता येणार नाही अशी स्वच्छ फ्लॉपी घालून संगणक सुरू करीत, कारण १९८६ च्या 'ब्रेन'सारखे व्हायरस फ्लॉपीच्या आरंभीच्या भागातच ठाण मांडून बसत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात दुरुस्तीला येणाऱ्या अशाच रोगी संगणकांवरून 'क्विक हील' उभे केले, हे पुणेकरांना मी सांगायला नको. ते मलाच सांगतील.

दुसऱ्या दिवशी कन्येने ऑफलाइन तपासणीही केली. तीत आणखी एक फाइल सापडली. सेफ मोडमधल्या तपासणीतून ती निसटली होती. मग ओव्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवल्या.

एका आजींची फाइल मात्र अर्धीच वाजते. गडबडीत पेनड्राइव्ह उपटला गेला तेव्हा ती तुटली असावी. अँटिव्हायरस चोर हाकलतो, मोडलेले भांडे जोडून देत नाही. त्या आजी सुदैवाने हयात आहेत. मे महिन्यात पोरगी पुन्हा माणला जाऊन आली. पूर्वी म्हटलेल्या ओव्या आजींना आठवेनात, त्यांनी नव्याच एकोणीस म्हटल्या, आणि वर विचारले, "ह्यासुद्धा हरवणार हायेस का गं?"